सुया का थांबल्या?

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक प्रश्न वरचेवर येतो. शब्द वेगळे असतात, आशय एकच. "आमच्या सासूबाई सकाळचे आटोपले की खिडकीशी बसून विणत असतात." "वडील निवृत्त झाल्यापासून वाचनालयातून रहस्यकथा आणतात आणि दिवसच्या दिवस त्यात बुडालेले असतात." "आईचे शब्दकोडे सुटल्याशिवाय घरात कुणाला वर्तमानपत्र मिळत नाही." आणि शेवटी ठरलेली विचारणा असते: डॉक्टर, हे प्रकृतीला चांगले की वाईट? त्यांना यातून बाहेर काढावे, की जसे चालले आहे तसे चालू द्यावे?

थोडक्यात उत्तर द्यायचे तर चालू द्यावे. उतारवयात माणसाला दोन-तीन तास एका जागी रमवणारे काम मिळणे हे भाग्यच म्हणायचे. पण पत्र लिहिणाऱ्यांनी न विचारलेला एक प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. छंद चालू आहे तोवर काळजी नाही. तो थांबला, तर का थांबला? वर्षानुवर्षे विणणाऱ्या बाईने सुया पेटीत टाकल्या, रोज कोडे सोडविणाऱ्या गृहस्थांनी पेन्सिल खाली ठेवली, की घरची मंडळी म्हणतात, "वय झालं आता!" पंचवीसेक वर्षांच्या व्यवसायात मी पाहिले आहे, की या दोन शब्दांनी जितके आजार झाकून ठेवले, तितके दुसऱ्या कशानेही ठेवले नसतील. वय हे काही रोगाचे निदान नव्हे.

शांत बसलेला मेंदू स्वस्थ नसतो

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, आजी नुसत्या बसल्या आहेत. प्रत्यक्षात स्वेटर विणताना त्यांचे दोन्ही हात वेगवेगळे काम करीत असतात. डोळे टाका पाहतात, बोटे लोकरीचा ताण सांभाळतात आणि मन मोजत असते: दोन सुलट, दोन उलट, आता बाहीसाठी टाके कमी करायचे. कुठे चुकले हे ओळखून तेवढ्याच ओळी उसवायच्या आणि पुन्हा विणायच्या, हा तर नियोजनाचा उत्तम व्यायाम आहे. शिवाय एका लयीत चालणाऱ्या कामाने मन शांत होते, हा अनुभव विणणारी प्रत्येक बाई सांगते.

रहस्यकथेचे काम निराळे. बंगल्यात रात्री कोण कोण होते, कुणाच्या हाताला जखम होती, माळी खोटे का बोलला, हे सगळे शंभर पानांपर्यंत डोक्यात धरून ठेवावे लागते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाड आणि धनंजय यांनी आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीला जागविले, ते या उत्सुकतेच्या जोरावर.

शब्दकोड्यात मेंदूच्या कोठारातून नेमका शब्द शोधून काढायचा असतो. आपल्या मराठी कोड्यात तर काना, मात्रा, वेलांटीसह अख्खे अक्षर एका चौकटीत बसवायचे असते. आडव्या शब्दातला 'ही' उभ्या शब्दातही 'ही'च यावा लागतो. तिथे 'हि' चालत नाही. वयाबरोबर नवे शिकण्याचा वेग मंदावतो, पण शब्दांचा साठा सहसा टिकून राहतो. म्हणूनच कोड्यात सत्तरीची आजी कॉलेजात जाणाऱ्या नातीला सहज हरवते.

मग यांनी स्मृतिभ्रंश टळतो का?

हा प्रश्न येणारच. वयोमानाने होणाऱ्या स्मृतिभ्रंशाची धास्ती आता आपल्या गावांतही पोहोचली आहे, आणि ती अनाठायी नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या दर शंभर माणसांत सात जणांहून थोड्या अधिक लोकांना हा विकार आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे झाली.

छंदांचा येथे उपयोग होतो का, याचा अभ्यास झालेला आहे. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ लोकांवर काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. २००३ साली त्याचे निष्कर्ष आले. वाचन करणारे, पटावरचे खेळ खेळणारे, वाद्य वाजविणारे आणि नृत्य करणारे यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. २०२२ साली अमेरिकेतच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सौम्य विस्मरण सुरू झालेल्या १०७ जणांपैकी काहींना संगणकावर शब्दकोडी दिली, काहींना मेंदूला चालना देणारे म्हणून तयार केलेले खेळ दिले. ७८ आठवड्यांनी कोडी सोडविणारे थोडे सरस ठरले.

हे वाचून लगेच कोड्यांची पुस्तके विकत आणू नका. दुसऱ्या प्रयोगात काहीच न करणारा गट तुलनेला नव्हता. आणि कोडी सोडविल्याने मुख्यतः कोडी सोडविण्याचे कसब वाढते, हेही ध्यानात ठेवा. पासष्टीपुढच्या २,८३२ लोकांवरील एक मोठा अमेरिकी प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना स्मरणाचा सराव दिला त्यांचे स्मरण सुधारले, ज्यांना तर्काचा सराव दिला त्यांचा तर्क सुधारला. एकाचा लाभ दुसऱ्याला फारसा मिळाला नाही.

न्यूयॉर्कच्या अभ्यासात तर एक मोठीच गोम आहे. कोडी आणि वाचन यांनी मेंदू वाचला, की ज्यांच्या मेंदूत बिघाड सुरू झाला होता त्यांनीच आधी कोडी आणि वाचन सोडले? हा विकार लक्षात येण्याच्या कितीतरी वर्षे आधी मेंदूत सुरू झालेला असतो. संशोधकांनी स्वतःच ही शंका बोलून दाखविली आहे.

त्यांच्या दृष्टीने ही अडचण असेल. तुम्हा-आम्हाला मात्र तिचा उपयोग करून घेता येतो. छंद रोग टाळतो की नाही हे पक्के सांगता येत नसले, तरी छंदातला बदल रोगाची वर्दी देऊ शकतो. तापाला जसा तापमापक, तसा घरातल्या वृद्ध माणसाच्या तब्येतीला त्याचा रोजचा छंद. त्याला पैसे पडत नाहीत, रक्त काढावे लागत नाही. पाहणारे डोळे मात्र हवेत.

याचे एक उदाहरण रहस्यकथांच्याच जगातले आहे. इंग्रजी लेखिका अगाथा ख्रिस्ती यांनी ऐंशीच्या घरात पोहोचेपर्यंत लेखन केले. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली त्यांच्या वेगवेगळ्या वयांतील कादंबऱ्यांची संगणकाच्या साह्याने शब्दवार तुलना केली. अखेरच्या कादंबऱ्यांत वेगवेगळ्या शब्दांची संख्या घटलेली, तेच ते शब्दसमूह पुन्हा पुन्हा आलेले आणि 'काहीतरी', 'वस्तू' अशा मोघम शब्दांची भर पडलेली दिसली. बाईंच्या हयातीत त्यांना स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झालेले नव्हते, त्यामुळे हा केवळ तर्क आहे. पण हातातल्या कामात माणसाची प्रकृती उमटते, हे त्यातून कळते.

घरच्यांनी गुप्तहेर व्हावे

शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे डॉक्टर होते. एडिंबरो येथे त्यांना शिकविणारे डॉ. जोसेफ बेल रुग्णाचे हात, चाल आणि कपडे पाहून त्याचा धंदा ओळखत. त्यांच्यावरूनच होम्स हे पात्र सुचले. रोगनिदान आणि गुन्ह्याचा तपास यांत फारसा फरक नसतो. काय बदलले, कधीपासून बदलले, हळूहळू की एकाएकी, एवढे तीन प्रश्न नीट विचारले तर अर्धे काम होते. दवाखान्यात आम्हाला रुग्ण दहा मिनिटे भेटतो, तुम्हाला तो रात्रंदिवस दिसतो. म्हणून तपास घरातून सुरू व्हावा. संशयित पाच आहेत.

पहिला संशयित : डोळे

सर्वांत आधी याचीच झडती घ्या. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या वेळी घेतलेला चष्मा पुढे पंधरा वर्षे तोच चालविणारे लोक मला रोज भेटतात. मोतीबिंदूत रंग फिके दिसतात, दिव्याभोवती वलय दिसते. काळ्या लोकरीवरचे टाके दिसेनासे होतात, म्हणून बाई पांढरी किंवा पिवळी लोकर मागू लागते. एका निवृत्त शिक्षिकेच्या मुलाने मला खात्रीने सांगितले होते, की आईला नक्षी आठवत नाही, टाके चुकतात, म्हणजे विसरभोळेपणा सुरू झाला. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांत नातवाला कानटोपी मिळाली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी जिल्हा रुग्णालयात मोफत होते.

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. तेव्हा वीजबिलाच्या काळजीने मंद दिव्याखाली बसू नये. मागून, खांद्यावरून येणारा भरपूर उजेड हवा.

आता शब्दकोडे सोडविणाऱ्यांसाठी एक घरगुती चाचणी सांगतो. वाचायचा चष्मा लावा, एक डोळा तळहाताने झाका आणि दुसऱ्याने कोड्याच्या रिकाम्या चौकटींच्या मधोमध पाहा. मग दुसरा डोळा झाका. रेषा वाकड्यातिकड्या, लाटांसारख्या दिसल्या किंवा मध्येच डाग दिसून चौकटी पुसल्यासारख्या वाटल्या, तर डोळ्याच्या पडद्याचा आजार असू शकतो. नेत्रतज्ज्ञ अशाच चौकटींचा तक्ता वापरतात. असे दिसल्यास त्याच आठवड्यात डोळे दाखवा, कारण यातल्या काही आजारांत उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी तर काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा.

दुसरा संशयित : हात

अंगठ्याच्या मुळाशी दुखणे, बोटांच्या टोकांच्या सांध्यांवर गाठी येणे हा झिजेचा संधिवात. तो त्रासदायक असला तरी घातक नाही. कोमट पाण्यात दहा मिनिटे हात बुडविणे, जाड आणि लाकडी सुया वापरणे, दर वीस मिनिटांनी बोटे मोकळी करणे यांनी बरेच निभावते. पेन्सिलीला कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड केली की बोटांवर ताण कमी येतो. दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेऊ नका. जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब या तिन्हींवर त्यांचा परिणाम होतो.

पण दोन्ही हातांचे सांधे सुजले असतील, सकाळी बोटे आखडलेली असून मोकळी व्हायला तास-तास लागत असेल, तर तो वेगळा संधिवात असू शकतो. त्यावर औषधोपचार जितका लवकर तितके सांधे वाचतात.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे आणि हात झटकला की बरे वाटणे हे मनगटातली नस दबल्याचे लक्षण आहे. मधुमेह आणि थायरॉईडची कमतरता असणाऱ्यांत ते जास्त आढळते. त्यामुळे मनगटाच्या तक्रारीवरून कधी कधी न सापडलेला मधुमेह सापडतो.

आणि एक सूक्ष्म खूण. एका निवृत्त कारकुनांच्या पत्नीने मला सहा महिन्यांची सोडविलेली कोडी आणून दाखविली. सुरुवातीची अक्षरे चौकट भरून होती. पुढे पुढे ती इतकी बारीक होत गेली, की चौकटीच्या कोपऱ्यात मुंगी बसावी तशी दिसत होती. त्यांचा उजवा हात मांडीवर स्वस्थ असताना हलत असे आणि कामाला लावला की कंप थांबत असे. हा कंपवात. बारीक होत जाणारे अक्षर हे त्याचे पुष्कळदा लवकर दिसणारे लक्षण असते. औषधाने हा आजार मुळापासून जात नाही, पण लक्षणे पुष्कळ आटोक्यात राहतात. ही कोडी जपून ठेवणाऱ्या बाईंचे मला आजही कौतुक वाटते.

तिसरा संशयित : कान

वाचताना, विणताना कानांचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. इथे उलट बाजूने पाहावे लागते. पूर्वी ओट्यावर चार जणींत बसून विणणारी बाई आता खोलीत एकटीच विणते. विचारले तर म्हणते, "गोंगाट नको वाटतो." पुष्कळदा तिला बोलणे नीट ऐकू येत नसते, दर वाक्याला "काय म्हणालात?" विचारण्याची लाज वाटते. मग शांत छंद ही आवड न राहता लपायची जागा होते.

कमी ऐकू येणे हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या कारणांत मोडते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता किंवा कमी करता येण्याजोगी अशी १४ कारणे सांगितली. त्यांत कानांबरोबर दृष्टी मंदावणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, शारीरिक हालचालीचा अभाव, नैराश्य आणि एकटेपणा यांचाही समावेश आहे. कानातला मळ काढून किंवा यंत्र बसवून माणूस परत चारचौघांत येत असेल, तर ती संधी कशाला सोडायची?

चौथा संशयित : मन

हा संशयित साळसूद असतो, त्यामुळे त्याच्यावर कुणाची नजर जात नाही. डोळे ठीक, हात ठीक, आठवणही ठीक, पण "कशात जीवच रमत नाही." आवडत्या गोष्टीतला रस जाणे हे नैराश्याचे प्रमुख लक्षण आहे. वृद्ध माणसे क्वचितच "मी दुःखी आहे" असे म्हणतात. ती म्हणतात, अंग दुखते, भूक लागत नाही, पहाटे तीनला जाग येते. गोळ्या बदलत राहतात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

यजमान गेल्यावर एका आजींनी सुया बंद केल्या. अर्धा स्वेटर त्यांच्यासाठीच विणायला घेतला होता. दुःख स्वाभाविक होते. पण सहा महिने उलटूनही त्या उठून अंघोळीला जाईनात, वजन आठ किलोंनी घटले, "मला आता न्या" असे देवाला विनवू लागल्या, तेव्हा सुनेने त्यांना आणले. औषध आणि रोज कुणीतरी शेजारी बसून बोलणे यांनी चार महिन्यांत त्या सावरल्या. तो स्वेटर त्यांनी उसवला आणि त्याच लोकरीचा नातवासाठी विणला.

दोन आठवड्यांहून अधिक काळ रस, झोप आणि भूक उडालेली राहिली तर डॉक्टरांना भेटा. मरणाच्या गोष्टी कुणी बोलू लागले तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि त्या माणसाला एकटे ठेवू नका. सरकारची मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आहे. हे दोन क्रमांक कात्रण काढून भिंतीला लावा.

पाचवा संशयित : स्मृती

सर्वांत शेवटी याचे नाव घ्यावे. साधे विसरणे आणि आजार यांत फरक आहे. कोड्यातला शब्द ओठांवर येऊन अडकला आणि संध्याकाळी भाजी चिरताना आठवला, तर ते साधे विसरणे. लेखकाचे नाव विसरले, पण गोष्ट आठवते, हेही साधेच. पण चाळीस वर्षे हाताखालून गेलेली नक्षी सुरू कशी करायची हेच सुचेना, रहस्यकथेचे तेच पान पुन्हा पुन्हा वाचूनही मागचे धागे जुळेनात, काल वाचून संपविलेले पुस्तक आज नवे म्हणून हातात घेतले, 'आडवे' आणि 'उभे' यांत गोंधळ होऊ लागला आणि त्याबरोबर पैशाचे व्यवहार किंवा ओळखीची वाटही चुकू लागली, तर तपासणी हवीच.

तपासणी म्हणजे शिक्का मारणे नव्हे. विसरण्याची काही कारणे पूर्ण किंवा बरीचशी बरी होणारी असतात. थायरॉईडची कमतरता. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी शुद्ध शाकाहारी लोकांत, तसेच मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी किंवा आम्लपित्ताच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आढळते (गोळी मनाने बंद करू नका, रक्त तपासून घ्या). झोपेच्या, सर्दीच्या आणि लघवीच्या काही औषधांचा परिणाम. रक्तातील सोडियम घटणे. न्हाणीघरात पडून डोक्याला लागले, तेव्हा काही वाटले नाही, पण काही आठवड्यांनी गोंधळ सुरू झाला, तर कवटीखाली रक्त साकळलेले असू शकते; ते शस्त्रक्रियेने काढता येते. यांपैकी काहीच सापडले नाही आणि स्मृतिभ्रंशच निघाला, तरी लवकर कळल्याने औषधे, पैशाच्या व्यवहारांची तजवीज आणि घरच्यांची मानसिक तयारी यांना अवधी मिळतो.

अशा माणसाचा छंद मात्र काढून घेऊ नका. स्वेटर जमत नसेल तर साध्या टाक्यांची पट्टी विणू द्या. टाका चुकला म्हणून रागावू नका.

एकाएकी थांबले तर

वरील सर्व तपास सवडीने करायचा आहे. पण विणता विणता एका हातातली सुई गळून पडली, तोंड एका बाजूला वाकडे झाले, शब्द फुटेना किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर हा पक्षाघाताचा झटका समजा. तेलाने चोळत बसू नका, तोंडाने पाणी किंवा औषध देऊ नका. ॲस्पिरिनही देऊ नका, कारण झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. १०८ ला दूरध्वनी करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. जितके लवकर तितके चांगले. लक्षणे किती वाजता सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले तरी जाच. ती पुढच्या झटक्याची सूचना असू शकते.

बैठ्या छंदाची पथ्ये

आता छंद उत्तम चालू असणाऱ्यांसाठी. यात एकच खोट आहे. माणूस तासन्‌तास हलत नाही, पाणी प्यायला विसरतो. पाय सुजतात, मान आखडते, साखर वाढते. मग उठायची खूण छंदातच ठरवा. दहा ओळी विणून झाल्या की उठायचे. रहस्यकथेचे एक प्रकरण संपले की उठायचे, मग खुनी समोर आला असला तरी! कोड्यातले आडवे शब्द झाले की अंगणात एक फेरी, मग उभे शब्द.

विणताना मांडीवर उशी घ्या, म्हणजे मान खाली झुकत नाही. पाठीला टेकू आणि पाय जमिनीला टेकलेले असावेत. ज्यांना मांडी घालून बसल्यावर गुडघे दुखतात त्यांनी खुर्ची वापरावी. बारीक टाइप दिसत नसेल तर कोड्याची मोठी झेरॉक्स काढून घ्यावी. एकच पाय सुजून पोटरी दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

याखेरीज आठवड्यातून निदान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, भरभर चालणे हवेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले हे प्रमाण आहे. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा आकडे मोजणे हा त्यांतला सोपा. वाचनालयात पुस्तक बदलायला चालत जाणे म्हणजे एका दगडात दोन पक्षी. वाटेत कुणी भेटले तर तिसराही.

कारण शांतता आणि एकटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शांतता आपण निवडतो, एकटेपणा आपल्यावर येऊन पडतो. कोडे दोघांनी मिळून सोडवा. आजीला नातीला टाके शिकवू द्या.

आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही किंवा लोकर परवडत नाही, त्यांनी आपल्यासाठी काही नाही असे समजू नये. गोधडी शिवणे, कापसाच्या वाती वळणे, ठिपक्यांची रांगोळी, पत्ते, सोंगट्या यांतही मेंदू, डोळे आणि बोटे तेच काम करतात. पुरुषांना विणकाम वर्ज्य आहे असेही कुठे लिहिलेले नाही. आणि ज्या बायकांच्या वाट्याला साठीनंतरही स्वयंपाकघरातून सुट्टी नाही, त्यांच्या घरच्यांना एवढेच सांगणे, की दुपारचे दोन तास त्यांना त्यांचे म्हणून द्या.

रहस्यकथा वाचून वेळ फुकट जातो असे म्हणणाऱ्यांना जाता जाता एक हकिकत. १९७७ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात कतारहून आणलेली एक लहान मुलगी अत्यवस्थ होती. निदान होत नव्हते. तिथली एक परिचारिका अगाथा ख्रिस्तींची 'द पेल हॉर्स' ही १९६१ सालची कादंबरी वाचत होती. कादंबरीत थॅलियम या विषाची लक्षणे दिलेली आहेत. मुलीचेही केस गळताहेत हे पाहून तिने डॉक्टरांना सुचविले. तपासणीत थॅलियमच निघाले आणि मुलगी वाचली. ख्रिस्तीबाईंना विषांची माहिती कुठून? पहिल्या महायुद्धात त्यांनी रुग्णालयाच्या औषधालयात काम केले होते.

त्या परिचारिकेने विशेष काय केले? समोर दिसत होते ते नीट पाहिले आणि वेळेवर बोलली. आपल्या घरीही तेवढेच करायचे आहे. या आठवड्यात घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसा. काय विणताय, कोडे कुठे अडले, खुनी कोण वाटतो, हे विचारा. आणि सुया बंद असतील तर "वय झालं" न म्हणता विचारा, "आई, विणणं का सोडलंस?" जे उत्तर मिळेल ते कागदावर लिहून, चालू औषधांच्या गोळ्यांसह आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

(पुढील आठवड्यात : कानाचे यंत्र — कुणाला, केव्हा आणि कोणते?)